उजेडवाला मागे

दोन

रस्त्यावर दोन सावल्या. पुढची बदरुद्दीनची, मागची किसनभाऊंची. माझी नाही, कारण उजेड माझ्याकडे आहे.

टॉर्च मनगटाएवढा जाड, काळा, वॉचमन लोकांकडे असतो तसला. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून मी तो हँडलला आवळलाय. बटण दाबलं की लांबच्या गोदामाच्या शटरवरचा गंजसुद्धा दिसतो. सायकलीचा म्हणून मिळतो तो दिवा याच्यापुढे उदबत्ती.

आम्ही तिघं दुबईत, अल क्वोजमध्ये एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये. मी पॉलिशला. बदरुद्दीन कटिंग मशीनवर, दापोलीकडचा. किसनभाऊ जोडकामाला, पारनेरचे, आमच्यात वयाने मोठे. खोलीही एकच. सहाला सुटणाऱ्यांना कामगारांच्या कॅम्पवर न्यायला कंपनीची बस असते. ओव्हरटाइमवाल्यांना नसते. दहाला सुटायचं आणि सायकली काढायच्या.

चार किलोमीटर. शेवटचे दीड गोदामांच्या मागून. डावीकडे सलग भिंत, उजवीकडे रिकामा वाळूचा प्लॉट. केबलचं काम निघालं तेव्हापासून त्या रस्त्याचे खांब बंद आहेत. चार महिने झाले.

पहिल्याच दिवशी बदरुद्दीनने नियम केला.

"टॉर्च एक, माणसं तीन. धन्या, तू पुढे राहिलास तर आम्हाला काय दिसणार? तुझं ढुंगण. उजेड पुढे जातो की मागे येतो?"

"पुढे."

"मग उजेडवाला मागे. खलास."

म्हणून मी मागे. दहा-पंधरा हात अंतर ठेवून. त्यांच्या पाठी पांढऱ्याफेक होतात, आणि सावल्या त्यांच्या चाकांपासून निघून रस्ताभर लांब पडतात, खांबांएवढ्या. पाय फिरतात तशा त्या हलतात. मी रोज त्यांच्याकडे बघत कॅम्पवर पोचतो.

किसनभाऊ एकदा म्हणाले, "बदरू, माझ्या चाकापुढं काळंच असतंय रे. दोन्ही बाजूला लख्ख आणि मधी काळं."

"तुम्ही रुंद झालात, भाऊ. शुक्रवारी घरी जाताय ना? जरा कमी व्हा. वहिनी दारातून आत घ्यायच्या नाहीत."

किसनभाऊ हसले. तीन वर्षांनी चालले होते. बॅग आठवड्यापासून पलंगाखाली भरलेली.

आणखी एकदा समोरून पाण्याचा टँकर आला. ड्रायव्हर पठाण. जोरात ब्रेक मारून त्याने काच खाली केली. "आदमी तीन, बत्ती एक! मेरे को सिर्फ बत्ती दिखता! आदमी किधर से आया?"

"दिखती है ना बत्ती? शुक्र करो, हबीबी," बदरुद्दीन ओरडला आणि पुढे गेला.

टँकरवाला बराच वेळ तिथेच थांबलेला. मी वळून पाहिलं होतं.

तीन

सोमवारी सावल्या तीन झाल्या.

टायरच्या दुकानाजवळच्या गल्लीतून एक सायकल आली आणि माझ्या उजेडात शिरली. बुटकी सायकल, माणूस उंच. गुडघे बाहेर काढून पेडल मारत होता. हँडलला खुबूसची, इथल्या रोट्यांची, पिशवी. दिवा पुढेही नाही, मागेही नाही.

आम्ही भिंतीच्या बाजूने जात होतो, तिथे वाऱ्याचा आडोसा असतो. तो उजव्या कडेने, प्लॉटच्या बाजूने. परक्या माणसाने ठेवावं तेवढं अंतर ठेवून, उजेडाच्या अगदी काठावर.

कॅम्पच्या अलीकडच्या चौकात तो उजवीकडे वळला आणि गेला.

"फुकट्या," बदरुद्दीन म्हणाला. "धन्या, तिकीट लाव."

तीन

मंगळवारी तो गल्लीच्या तोंडाशी उभा होता. वाट बघत. आमच्या पाठोपाठ पेडल मारलं, उजव्या कडेला गेला. वळताना त्याने मागे न बघता एक हात वर केला. तो हात माझ्यासाठी होता. मी बटण दोनदा दाबलं. उजेड गेला, आला.

त्याचं तोंड मी अजून पाहिलं नव्हतं. मागच्या माणसाला तोंडं दिसत नाहीत.

तीन

बुधवारी दुपारपासून वारा. वर्कशॉपचे पत्रे वाजत होते, पॉलिशवर धूळ बसत होती, फोरमन सगळ्यांवर खेकसत होता. दहाला बाहेर पडलो तेव्हा रस्त्यावर वाळू सापासारखी सरपटत होती.

तो गल्लीच्या तोंडाशी होता. तोंडाला गमछा बांधलेला.

गोदामांच्या मागे वळलो. केबलवाल्यांचा चर काल प्लॉटमध्ये होता, रस्त्याला समांतर. आज दुपारी त्यांनी तो रस्त्यात आणला होता. उजव्या कडेपासून निम्म्या रस्त्यापर्यंत, आडवा. हे मला नंतर कळलं. लाल-पांढऱ्या प्लास्टिकच्या फळ्या आडव्या लावलेल्या असणार, कारण त्यातली एक पुढे भिंतीला टेकून पडलेली मी पाहिली. वाऱ्याने उडवलेली. मला वाटलं, कुठून तरी आली.

बदरुद्दीन भिंतीला धरून गेला. किसनभाऊ त्याच्या मागून गेले.

उजवीकडे रस्त्यावर एक काळा पट्टा दिसला. रुंद, सरळ. मी त्याला तिसऱ्याची सावली समजलो.

दोन

दोन

दोन

पेडल मारता मारता मी मनात म्हणालो ते असं:

वळला असेल.

कुठे वळणार, तिकडे प्लॉट आहे.

प्लॉटमधून शॉर्टकट असेल. काल नव्हता, आज असेल.

लघवीला थांबला असेल.

मागे राहिला असता तर मी त्याला ओलांडून आलो असतो. मी कोणाला ओलांडलं नाही.

आवाज आला नाही. वारा आहे, पत्रे वाजतायत, आवाज आला असता तरी.

बटण दोनदा दाबलं. उजेड गेला, आला. पुढे कोणी हात वर केला नाही.

हे सगळं म्हणेपर्यंत कॅम्पचं गेट आलं होतं.

गेटवर

"तो कुठाय?"

"कोण?"

"तिसरा."

"गेला असेल घरी. आपण त्याचे सासरे आहोत का?"

"बदरू, तो चौकात वळला नाही. चौकापर्यंत आलाच नाही. मधेच संपला."

"संपला म्हणजे?"

"सावली होती, आणि मग नव्हती."

किसनभाऊ सायकलीला कुलूप लावत होते. हात थांबला. "कुठं?"

"भिंतीच्या मध्यावर. तिथे मला एक पट्टा दिसला होता काळा. तो गेल्यावरही पट्टा तिथेच होता, भाऊ. सावली नव्हती ती. खोदलंय."

"तू टॉर्च घेऊन मागं होतास," किसनभाऊ म्हणाले, "आणि तुला खड्डा दिसला नाही?"

"टॉर्च लांबवर मारतो तो, भाऊ," बदरुद्दीन मधे पडला. "जवळचं नाही दिसत त्याला. त्याचा काय दोष?" मग माझ्याकडे वळला. "ऐक. जायचंय तर जा. पण पोलीस आले की आधी काय विचारतील? लाइट कुठे, हेल्मेट कुठे, जॅकेट कुठे, एका लाइटवर चार सायकली कशा. मग आयडी. भाऊंची परवा फ्लाइट आहे. केसमध्ये नाव गेलं आणि म्हणाले, चौकशी होईपर्यंत देश सोडायचा नाही, तर?"

"मी जाणारच आहे."

"जा. आमची नावं नको."

किसनभाऊ अजून कुलपाशीच होते. कुलपाची किल्ली त्यांनी दोनदा फिरवली. मग मान वर न करता म्हणाले, "धनंजय, जिवंत असला तर फोन कर. मी येतो."

"आणि नसला तर?"

ते आत गेले.

एकही नाही

परतताना माझ्यापुढे कोणी नव्हतं. चार महिन्यांत पहिल्यांदा त्या रस्त्यावर सावली नव्हती, आणि रस्ता दिसत होता. भेगा, खडी, कोणाची तरी एक चप्पल, केबलचे तुकडे. टॉर्च खाली झुकवला तर चाकापुढचा खिळासुद्धा दिसत होता. एवढं साधं होतं.

समोरून उजेड टाकला तर खड्डा खड्ड्यासारखा दिसतो.

मी पन्नास हातांवरूनच तो पाहिला.

एक

तो आत होता.

चर दीड पुरुष खोल. तळाशी जाड काळा पाइप. त्याची सायकल पाइपावर आडवी पडली होती आणि सायकलीखाली त्याचा एक पाय. कमरेपर्यंत वाळू. गमछा सुटला होता. तेव्हा मी त्याचं तोंड पाहिलं. चाळिशीचा, मिशीत वाळू, कपाळावरून रक्त येऊन डोळ्यात गेलेलं.

उजेड पडला तसा त्याने हात डोळ्यांवर घेतला आणि लगेच काढला.

"भाई," तो म्हणाला. "आ गया?"

जणू मी येणार हे ठरलेलं होतं.

मी काठावर पाय ठेवला आणि पायाखालची वाळू सुटली. घागरभर वाळू त्याच्या छातीवर पडली. तो ओरडला, "मत आओ! मत आओ!" मी मागे झालो, पोटावर झोपलो, टॉर्चचा हात पुढे काढला.

पोलिसांचा ९९९ लावला. बाई चांगली होती, हिंदीत बोलली. कुठे? मी म्हणालो, गोदामांच्या मागे. कोणत्या गोदामांच्या? कोणता रस्ता? रस्त्याला नंबर असेल, मला माहीत नव्हता; चार महिने मी तिथून जात होतो. तिने मेसेज पाठवला, मी लोकेशन दाबलं. "टीम निकल गई है. फोन चालू रखिए." तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला, मी टॉर्च सावरायला गेलो आणि फोन हातातून निसटला. खाली जाताना स्क्रीन एकदा चमकली, मग वर वाळू.

किसनभाऊंना फोन करायचा राहून गेला.

"पुलिस आता है," मी खाली ओरडलो. "पाच मिनट."

"अच्छा." मग थोड्या वेळाने, "भाई, बत्ती मत हटाना."

"नहीं हटाऊंगा."

"दिखता है तो मैं हटाता हूँ." त्याने दाखवलं. वरून वाळूची धार सुटली की उजेडात ती त्याला दिसे, आणि तो हाताने ती छातीवरून, गळ्यावरून बाजूला लोटे. डावीकडून धार, डावा हात. उजवीकडून, उजवा. अंधारात कुठून येतेय ते कळत नव्हतं, म्हणाला. आधी कळत नव्हतं, म्हणून इथपर्यंत आली.

तो आत किती वेळ एकटा होता याचा हिशेब मी केला. गेटवर आम्ही बोलत होतो तो वेळ धरून.

धार. हात. धार. हात. बोलण्यावरून बंगाली वाटत होता. मला नाव विचारायचं होतं. पण तो वाळू लोटण्यात गुंतलेला, आणि मला वाटलं, बाहेर काढल्यावर विचारू.

अकरा

घंटी वाजली.

लांबून, वर्कशॉपच्या बाजूने. मग आणखी एक. मग हसणं, वाऱ्यातून तुटक तुटक. कुठल्या तरी दुसऱ्या कंपनीची पाळी सुटली होती. सायकलींचा घोळका, एकाकडेही दिवा नाही, आणि अंधारात जमिनीजवळ एक उजेड दिसतोय. उजेड दिसला की आपण सगळे उजेडाच्या रोखानेच हँडल वळवतो. ते भिंत सोडून मधे येत होते. माझ्याकडे. आमच्या मधे चर.

"रुको!" मी ओरडलो. वारा त्यांच्याकडून माझ्याकडे होता. माझा आवाज माझ्याच तोंडात आला.

मी टॉर्च उचलून त्यांच्यावर मारला. मला अकरा पांढरे चेहरे दिसले, अकरा हात डोळ्यांवर. "अबे बत्ती नीचे कर!" कोणी तरी घंटी जोरात वाजवली. हात डोळ्यांवर ठेवून ते पेडल मारतच राहिले. त्यांना बत्ती दिसत होती. बाकी काही नाही.

"भाई?" खालून. "भाई, बत्ती."

टॉर्च काठावर ठेवून मी पलीकडे धावलो असतो तर? विचार केला. अंधारात एक माणूस हात हलवतोय, वाऱ्यात ओरडतोय. मी त्यांना दिसलो नसतो. पहिल्या दोघा-तिघांनी मला घेऊनच उडी मारली असती. त्याच्या अंगावर.

"दो मिनट," मी खाली म्हणालो.

"नहीं भाई, नहीं..."

मी भिंतीच्या बाजूने चराला वळसा घालून पलीकडे गेलो. चराकडे पाठ केली. रस्त्याच्या मधे उभा राहिलो, एक हात आडवा पसरला, आणि टॉर्च उलटा धरून उजेड माझ्याच अंगावर टाकला. छातीवर, तोंडावर. डोळे गच्च मिटले तरी पापण्या लाल झाल्या. मला काही दिसत नव्हतं. ब्रेकचे आवाज येत होते, रबर घासल्याचे, कोणी पडल्याचा, शिव्या चार भाषांतल्या. एक चाक माझ्या गुडघ्याला लागून थांबलं.

"पागल है क्या?"

"पीछे खड्डा है," मी म्हणालो. "आदमी है अंदर."

मी डोळे उघडले, वळलो, टॉर्च खाली मारला.

भिंतीसारखी उभी होती ती एक बाजू आता नव्हती. सायकल नव्हती. पाइप नव्हता. वाळू होती, सपाट, आणि तिच्यातून एक हात कोपरापर्यंत वर आलेला. बोटं हलत होती, डावीकडे, उजवीकडे, लोटल्यासारखी.

अकराही जण उतरले. कोणी सांगितलं नाही. हातांनी, डब्यांच्या झाकणांनी, एकाने हेल्मेटने. काठ ढासळत होता, ते तसेच उपसत होते. मी वर उजेड धरून उभा. त्यांच्या डोक्यांच्या मधून मला त्याची बोटं दिसत होती, मग दिसेनाशी झाली, मग डोकं दिसलं. त्यांनी ते धरून मागे टेकवलं. कोणी तरी त्याच्या तोंडात बोट घालून वाळू काढत होता. "साँस है? साँस है क्या?" एक जण म्हणाला, है. दुसरा म्हणाला, पता नहीं.

दोन

पोलिसांच्या गाडीचे निळे-लाल दिवे भिंतीवर फिरत होते. अ‍ॅम्ब्युलन्सच्या दोघांनी त्याला फळीवर बांधून वर घेतलं आणि रस्त्यावरच छाती दाबायला सुरुवात केली. बराच वेळ दाबली. मग आत नेलं.

अधिकारी तरुण होता. त्याने माझ्या हातातला टॉर्च घेतला, चालू-बंद करून पाहिला, पुन्हा माझ्या हातात दिला.

"किसका है?"

"मेरा."

"तुम आगे था, ये पीछे?"

"मैं पीछे था, सर. ये आगे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "बत्तीवाला पीछे?"

मी हो म्हणालो. त्याने ते लिहून घेतलं. लिहिताना तो थांबला, रस्त्याकडे बघितलं, मग पुन्हा लिहायला लागला. मला वाटतं त्याला कळलं.

बघ्यांची गर्दी झाली होती. अकरा जण वाळूने माखलेले कडेला बसले होते, आणि त्यांच्या मागे, अंधारात, कॅम्पच्या बाजूने चालत आलेले बदरुद्दीन आणि किसनभाऊ. बदरुद्दीनच्या खांद्यावर दोरी. किसनभाऊंच्या पायात खोलीतल्या स्लिपर. दोघंही माझ्याकडे बघत होते.

"तुम्हारे साथ और कौन था?" अधिकाऱ्याने विचारलं. "कितने आदमी?"

बदरुद्दीनने दोरी खांद्यावरून उतरवून पाठीमागे धरली.

"हम दो थे," मी म्हणालो.

"दो. तुम और ये."

"जी."

"रोज साथ में आते हो?"

"तीन दिन से."

"मतलब दोस्त है तुम्हारा."

"जी, सर. मेरे साथ था."

"ठीक है." त्याने नवीन ओळ सुरू केली. "नाम बोलो दोस्त का."

मी अ‍ॅम्ब्युलन्सकडे पाहिलं. आतल्या पांढऱ्या उजेडात एक माणूस हातमोजे काढत होता. त्याने दार ओढून घेतलं. गाडी हळूच मागे आली, चर टाळून भिंतीच्या बाजूने निघाली. सायरन लावला नाही.

"नाम?" अधिकारी पुन्हा म्हणाला.